उन्हाळ्यात वाडे, घाट, विहिरी आणि पूल मोजण्याचे काम : सातारा जिल्ह्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत जुन्या वास्तूंची मोजणी, फोटो आणि माहिती जमवण्याच्या कामाला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे सातारा, वाई, लिंब, कऱ्हाड इथली आहेत. सांगली शेजारीच असल्याने तिथलीही काही आली आहेत.

या कामात नेमके करायचे काय?

एखादी वास्तू उद्या उभी राहिली नाही तरी ती कशी होती हे कळावे, इतके तिच्याबद्दल आज कागदावर उतरवून ठेवायचे. त्याचे तीन भाग पडतात: प्रत्यक्ष मोजून काढलेली रेखाचित्रे, ठरलेल्या शिस्तीने काढलेले फोटो आणि लेखी टिपण. दुरुस्ती सुचवणे, खोदून पाहणे, रंग खरवडून खाली काय आहे ते बघणे, यांपैकी काहीही या कामात येत नाही. भिंत गुण्यात (काटकोनात) नसेल तर कागदावरही ती गुण्यात नसलीच पाहिजे. सोप्यात मागच्या वर्षी बसवलेला ॲल्युमिनियमचा दरवाजा डोळ्यांना कितीही खुपला तरी तो नकाशात येतो.

ही तीन भागांची पद्धत कुठून आली?

तिचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या हजार आर्किटेक्टांना दहा आठवड्यांचे काम द्यावे आणि त्यांच्याकडून जुन्या इमारती मोजून घ्याव्यात, अशी सूचना चार्ल्स पीटरसन यांनी तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेत मांडली. त्यातून हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे उभा राहिला. १९६९ मध्ये पूल, गिरण्या, यंत्रे यांसाठी वेगळी शाखा निघाली आणि २००० मध्ये बागा, शेते, वसाहती अशा भूदृश्यांसाठी तिसरी. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे गट पाठवायचे, त्यांनी मोजून आणलेले सगळे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायचे आणि ते कोणालाही फुकट पाहता यायचे, ही त्या कामाची रीत. आपल्याकडे घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. मोजलेला नकाशा मोजणाऱ्याच्या कपाटात राहिला तर तो मोजला काय आणि न मोजला काय, सारखेच.

उन्हाळाच का? साताऱ्याचे ऊन तर सोसवत नाही.

कॉलेजला सुट्टी असते हे कारण दुय्यम आहे. मुख्य कारण पाणी आणि गवत. कृष्णेचे पाणी उतरलेले असते, त्यामुळे वाईच्या गणपती घाटाच्या किंवा संगम माहुलीच्या घाटाच्या एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात. विहिरींचे तळ दिसतात. अजिंक्यताऱ्यावरचे गवत वाळलेले असते, त्यामुळे पावसाळ्यानंतर डोळ्यांआड जाणारी जोती आणि तटाच्या पायाचे दगड सापडतात. भिंती कोरड्या असल्याने ओल कुठवर चढली होती त्याची पांढरी क्षारांची रेघ स्पष्ट दिसते.

दिवस मात्र दोन तुकड्यांत वाटावा लागतो. सकाळी साडेसहा ते साडेदहा बाहेरची मोजणी आणि फोटो, दुपारी घराच्या आत किंवा कागदावर काम, साडेचारनंतर पुन्हा बाहेर. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाचे ढग दुपारनंतर भरून येतात. त्या दिवसांत गडावरचे काम सकाळीच उरकावे.

कोण करू शकते? फक्त आर्किटेक्चरचे विद्यार्थी का?

नाही. चार जणांच्या गटात दोघे मोजणारे-काढणारे असले की पुरते, मग ते आर्किटेक्चरचे असोत, सिव्हिलचे असोत की आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडचे. तिसरा फोटो सांभाळणारा. चौथा कागदपत्रे आणि माणसे सांभाळणारा, आणि सर्वांत अवघड मिळतो तो हाच. त्याला मोडी वाचता येत असेल तर सोन्याहून पिवळे. भूदृश्याचे काम असेल तर वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी हवाच, नाहीतर सगळ्या झाडांपुढे ‘मोठे झाड’ एवढेच लिहिले जाते.

काम मिळते कुठे आणि पैशांचे काय?

जुन्या इमारतींच्या संवर्धनाचे काम करणाऱ्या आर्किटेक्टांच्या कचेऱ्या, आर्किटेक्चर कॉलेजांचे उन्हाळी गट, देवस्थानांची विश्वस्त मंडळे, नगरपालिका, इतिहास संशोधन संस्था. जाहिरात क्वचित निघते, म्हणून फेब्रुवारीतच पत्र, हाताने काढलेली दोन मोजणी-रेखाचित्रे आणि एक पानभर लेखन पाठवून विचारावे. कॉम्प्युटरवरची चकचकीत चित्रे पाठवण्यापेक्षा मोजवहीच्या पानाचा फोटो पाठवा. घेणारा माणूस तेच बघतो.

मानधन दिवसावर आहे की पूर्ण कामावर, राहणे-जेवण आणि एसटीभाडे कोणाकडे, अपघात विमा आहे का, रेखाचित्रावर तुमचे नाव येणार का, आणि मोजणी झाल्यावर कागदावरच्या कामाचे दिवस मोजले जाणार का, या पाच गोष्टी लेखी घ्या. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. जागेवर एक दिवस मोजले की टेबलावर दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस धरलेलेच नसतात. हे काम अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या प्रशिक्षणात धरले जाईल असे गृहीत धरू नका. कॉलेजकडून आधी विचारून घ्या.

परवानगी कोणाची लागते?

आधी वास्तू कोणाची ते पाहा. केंद्राने संरक्षित केलेले स्मारक १९५८ च्या कायद्याखाली येते आणि तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयाची परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारक १९६० च्या राज्य कायद्याखाली, म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. दोन्हीकडे दारातल्या फलकावर ते लिहिलेले असते. मंदिर, दर्गा, मठ असेल तर विश्वस्तांचे पत्र घ्या. खासगी वाड्यात सगळ्या हिस्सेदारांना कल्पना हवी. एका भावाने होकार दिला आणि दुसऱ्याला टेप लावलेली पाहून वाटणीची मोजणी सुरू झाली असे वाटले, तर काम तिथेच थांबते. म्हणून पत्रात स्पष्ट लिहा की ही मोजणी सरकारी नाही, हद्दीशी तिचा संबंध नाही आणि नकाशाची एक प्रत घरी दिली जाईल. ती प्रत खरोखर द्या.

धरण, रेल्वेपूल, वीजघर यांच्यापाशी संबंधित खात्याच्या लेखी परवानगीशिवाय कॅमेरासुद्धा काढू नये. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असेल तर चालकाचा परवाना लागत नाही, पण म्हणून कुठेही उडवता येतो असे नाही. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर तो भाग हिरवा आहे का ते बघा. स्मारकावर उडवायचा तर स्मारकाच्या खात्याची परवानगी वेगळी घ्या.

सोबत काय न्यावे?

३० मीटरची फायबर टेप, ५ मीटरच्या दोन पोलादी टेपा, लेझर मीटर, ओळंबा, लाइनदोरी, १५ ते २० मीटर पारदर्शक लेव्हल ट्यूब, गुण्या, नक्षीची कड टिपण्यासाठी दातांचा प्रोफाइल गेज, बॅटरी, होकायंत्र, आलेखाचे ए-३ कागद, फळी, एचबी आणि २एच पेन्सिली. खुणांसाठी कागदी चिकटपट्टी. दगडावर खडू, रंग, मार्कर यांची एकही रेघ नको, आणि जुन्या रंगकामावर किंवा चुन्यावर चिकटपट्टीसुद्धा नको, कारण ती काढताना पापुद्रा सोबत घेऊन येते.

कामाच्या आदल्या दिवशी सगळ्या टेपा एकमेकींना लावून बघा. काही टेपांचा शून्य कडीच्या टोकाला असतो, काहींचा पट्टीवर थोडा आत. दोघांनी दोन वेगळ्या टेपा वापरल्या आणि हे पाहिले नाही, तर अर्धा वाडा दहा सेंटिमीटरने सरकतो. लेझर मीटरचेही तसेच आहे. मोजणी यंत्राच्या पुढच्या कडेपासून धरली आहे की मागच्या, हे एका बटणावर ठरते आणि चूक झाली की यंत्राच्या लांबीएवढीच होते. त्यामुळे सगळ्या खोल्या सारख्याच मापाने मोठ्या किंवा लहान येत असतील तर आधी ते बटण बघा.

वाड्याची मोजणी सुरू कुठून करायची?

पहिला अर्धा दिवस टेप पिशवीतच राहू द्या. वाडा फिरा, देवडीपासून चौक, सोपा, माजघर, माडी, मागचे परसदार असे करत हाताने कच्चा आराखडा काढा. आराखडा मोठा हवा, एका कागदावर एक खोली. मापे लिहायला जागा उरली नाही की माणूस मनातल्या मनात मापे पुढे ढकलतो आणि ती राहतात. प्रत्येक खोलीला आकडा द्या, प्रत्येक खांबाला अक्षर-आकडा. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यासारखा सहा चौकांचा पसारा असेल तर चौकांनाही आकडे लागतात. फोटो, मोजवही आणि टिपण तिन्हीकडे तेच क्रमांक चालले पाहिजेत.

मग पातळी. लेव्हल ट्यूबमध्ये पाणी भरून, बुडबुडे पूर्ण काढून, चौकातल्या एका खांबावर जमिनीपासून एक मीटरवर खूण करा आणि तीच पातळी सगळ्या खोल्यांत फिरवा. वाचताना नळीची दोन्ही तोंडे उघडी हवीत, हलवताना अंगठ्याने बंद. नळीचे एक टोक उन्हात आणि दुसरे सावलीत बराच वेळ राहिले की पाणी सारखे तापत नाही आणि पातळी फसवते. त्यामुळे चौक ओलांडणारी पातळी सकाळीच घ्या. एकदा ही रेघ मिळाली की वरची आणि खालची प्रत्येक उंची तिच्यापासून मोजायची, जमिनीपासून नाही. जुन्या वाड्याची जमीन कुठेच एका पातळीत नसते.

आडवी मापे सलग घ्या. खांबांच्या ओळीच्या एका टोकाला टेपचा शून्य धरून ठेवायचा आणि प्रत्येक खांबाची दोन्ही कडा त्याच टेपवर वाचत जायची. एकेक खण (दोन खांबांमधले अंतर) सुटा मोजला आणि दर मापात पाच मिलिमीटर चुकले, तर बारा खणांत सहा सेंटिमीटर गेले. सलग मापात पाच मिलिमीटरची चूक पाच मिलिमीटरच राहते.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजलेच पाहिजेत. चार भिंती मोजून खोली कागदावर काटकोनात काढली की पुढची खोली बसत नाही, मग तिसरी ओढून बसवावी लागते आणि शेवटी बाहेरची भिंत जुळत नाही. भिंतीची जाडी दारा-खिडक्यांतून मोजा, अंदाज करू नका. भिंतीतले बळद (धान्य साठवायची पोकळी), जिना, बुजवलेले कोनाडे जाडीतूनच सापडतात. दिवाणखाना आणि माजघर यांच्या मधली भिंत कागदावर चार फूट जाड निघाली तर आधी मोजणीवर संशय घ्या, दुसऱ्यांदा मोजूनही तेवढीच आली तर भिंतीत काय आहे ते शोधा.

वरचा मजला खालच्यावर कसा बसवायचा हा पुढचा प्रश्न. जिन्याच्या पोकळीतून किंवा चौकाच्या कडेने किमान तीन ठिकाणी ओळंबा सोडा आणि वर-खाली दोन्हीकडून त्या दोरीपर्यंतची अंतरे घ्या. ओळंबा वाऱ्याने झुलत असेल तर लंबक पाण्याच्या बादलीत बुडवा, लगेच स्थिर होतो.

उत्तर दिशा फोनवरून घेऊ नका. आपला काळा दगड चुंबकसुईला ओढतो आणि गजाचे लोखंड त्याहून जास्त. उपग्रहचित्रावरून चौकाची बाजू जुळवून घ्या किंवा उभ्या काठीच्या सकाळ-दुपारच्या समान लांबीच्या सावल्यांनी काढा.

किती अचूक मोजायचे?

रेखाचित्राच्या प्रमाणावर ठरते. आराखडा आणि छेद (वास्तूचा उभा काप) १:५० वर असतात. तिथे ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे जागेवरचे १० मिलिमीटर. म्हणून पाच मिलिमीटरपर्यंत वाचले की पुरे. दाराची चौकट, महिरप, तळखडा (खांबाखालचा दगड) १:१० वर काढायचे, तिथे एक-दोन मिलिमीटर. कोरीव कडांचा आकार मूळ मापात, प्रोफाइल गेजने घेऊन थेट कागदावर गिरवायचा. परिसराचा नकाशा १:२०० किंवा १:५००. मापे मीटरमध्ये लिहा, पण खणांची सरासरी फुटांतही काढून बघा. खण बहुधा पाच फुटांच्या आसपास येतो. एकच खण वेगळा निघाला तर तो नंतर जोडलेला असण्याची शक्यता तपासावी.

जे दिसले नाही ते तुटक रेघेने दाखवा आणि बाजूला ‘पाहता आले नाही’ असे लिहा. भिंतीपलीकडे खोली ‘असणारच’ म्हणून काढलेली पूर्ण रेघ पुढच्या माणसाला खरी वाटते. नकाशातली सर्वांत मोठी चूक तीच.

लेझर स्कॅनर आणि फोटोंवरून त्रिमिती बनवणारी सॉफ्टवेअर असताना टेप कशाला?

दोन्ही वापरा. घाट, बुरूज, शिखर अशा खडबडीत, मोठ्या गोष्टींना फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोंवरून मोजमाप, उत्तम. एकाच फोकल लांबीच्या लेन्सने, झूमला हात न लावता, लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक राहील असे फोटो घ्यायचे. एक मीटरच्या मापपट्ट्या किमान दोन ठेवायच्या, आणि निदान चार खुणांमधली अंतरे टेपने मोजायची, म्हणजे तयार झालेली आकृती तपासता येते. ती मापे नसतील तर प्रतिमा सुंदर दिसते, पण तिच्यावरून काहीही मोजता येत नाही.

ती फसते कुठे हे आधी माहीत हवे. पांढऱ्या चुन्याची कोरी भिंत, पाण्याचा पृष्ठभाग, हलणारा पिंपळ आणि फोटोंच्या मध्येच सरकलेली सावली. शेवटची चूक सर्वांत जास्त होते, कारण मोठा दर्शनी भाग पुरा करायला तास जातो आणि तेवढ्यात ऊन हलते. ढगाळ सकाळ मिळाली तर बाकी सगळे सोडून हेच काम करा. लेझर मीटरचा लाल ठिपकाही भर उन्हात काळ्या दगडावर दिसत नाही. समोर पांढरे पुठ्ठे धरायला एक जण लागतो.

टेपची गरज उरते ती समजण्यासाठी. कडीपाटाची (कड्या आणि फळ्यांच्या छताची) कडी तुळईवर कशी टेकली आहे, ती सुतारीची आहे की नंतर खिळे मारून बसवली, हे मोजताना हात तिथे पोचतो तेव्हा कळते.

बारव किंवा मोटेची विहीर कशी मोजतात?

लिंबची बारा मोटांची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, अष्टकोनी, सुमारे ५० फूट व्यास आणि ११० फूट खोली. मुख्य विहिरीला जोडून पायऱ्यांची बाजू आणि मध्ये दगडी महाल.

कठड्यावर दोन पक्के बिंदू निवडून त्यांच्यामधले अंतर दोनदा मोजा. त्या दोन बिंदूंपासून अष्टकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याचे अंतर घेतले की त्रिकोणांनी आकृती बसते. आठ बाजू स्वतंत्र मोजून ती तपासा. खोली पायऱ्यांच्या उंचीची बेरीज करून काढू नये: साठ पायऱ्यांत दर पायरीला तीन मिलिमीटर चुकले तर अठरा सेंटिमीटर होतात. पोलादी टेपला वजन बांधून चार ठिकाणी सरळ सोडा आणि पायऱ्यांची उंची नंतर त्या एकूण मापात बसवा. पाण्याची पातळी तारखेसह लिहा.

वर मोटेच्या जागा. थारोळी (मोट ओतायच्या जागा), दोरीने दगडाला पडलेल्या खाचा, बैलांची धाव, पाणी जिकडे वाहून जायचे तो पाट हे सगळे एका नकाशात आले पाहिजे. फक्त विहीर काढली आणि धाव व पाट सोडले, तर पाणी वर कसे येत होते आणि कुठे जात होते हे कळत नाही, आणि ती बांधली होती त्यासाठीच. खाचांची खोली प्रोफाइल गेजने घ्या.

फोटोंत वर लख्ख ऊन आणि खाली अंधार असतो. ऊन आत उतरायच्या आधी, तिपाईवर, एकच एक्स्पोजर ठेवून घ्या.

दगडी कमानीच्या पुलाचे काय मोजायचे?

गाळा (कमानीची रुंदी), कमानीची उंची, कमानीच्या दगडांची जाडी आणि संख्या, खांबाची जाडी, प्रवाहाकडचे टोकदार मस्तक, कठडा, पाणी निघून जायची भोके. कमान जिथून उठते त्या दोन बिंदूंमध्ये दोरी ताणा, तिचे दहा सारखे भाग करा आणि प्रत्येक भागावर कमानीच्या पोटापर्यंतची उंची घ्या.

त्रिज्या गणिताने तपासता येते: गाळ्याचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा अर्धा भाग. गाळा ९ मीटर आणि उंची २.२५ मीटर असेल तर त्रिज्या ५.६२५ मीटर. अशा वर्तुळाकार कमानीची उंची गाळ्याच्या पाव भागावर १.७८ मीटर यायला हवी. तिथे दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडला तर कमान एका वर्तुळाची नाही, किंवा ती खचली आहे. फरक दोन्ही बाजूंना सारखा असेल तर मूळ आकार वेगळा, एकाच बाजूला असेल तर खचण्याकडे संशय जातो. मधल्या दगडांचे सांधे उघडले आहेत का ते तेव्हाच बघा.

यंत्रे, कारखाने, पेवे यांचीही नोंद होते का?

व्हायलाच हवी, आणि तीच सर्वांत मागे पडली आहे. १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी, प्रभाकर कंदिलांसाठी ओळखली जाणारी ओगलेवाडी, गावोगावची गुऱ्हाळे. यंत्राचे रेखाचित्र बाहेरच्या मापांनी पुरे होत नाही. पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा, पुलीचे व्यास, दात्यांची संख्या, पट्ट्याची रुंदी, आणि माल कुठून आत येतो व कुठून बाहेर जातो त्याचा एक वेगळा प्रवाहनकाशा लागतो. ते यंत्र चालवलेला माणूस गावात असेल तर आधी त्याच्याकडे जा, यंत्राकडे नंतर.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे हा वेगळाच प्रकार. जमिनीखालच्या या कोठारांतली बरीच २००५ च्या पुरात निकामी झाली. बंद पेवात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय आणि पेवाचे काम जाणणारा माणूस वर उभा असल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. विद्यार्थ्यांनी शक्यतो आत न उतरता वरून वजनाची टेप आणि काठीला बांधलेला कॅमेरा वापरावा.

घाट, देवराई, पठार यांची नोंद कशी करतात?

इथे इमारत एकटी नसते. वाईचा ढोल्या गणपती १७६२ चा. त्याची मागची भिंत पुराचा जोर फोडण्यासाठी माशाच्या आकाराची केली आहे. नदीशिवाय ती भिंत काढली तर तिचा आकार निरर्थक दिसतो. म्हणून घाटाचा छेद नदीच्या पात्रापासून वरच्या आळीपर्यंत एका रेषेत घ्यावा, पाण्याची आजची पातळी दाखवावी. झाडांसाठी स्थानिक नाव, जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर, दोन दिशांतला पसारा आणि पाराची मापे पुरतात. कासच्या पठारावर मार्गाबाहेर पाय न टाकता काम करावे. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि उन्हाळ्यात उघड्या दिसणाऱ्या मातीतच पुढच्या फुलांचे कंद असतात.

पुराच्या खुणा नोंदवायच्या का?

हो, प्रत्येक ठिकाणी. भिंतीवरची रंगाची रेघ, चुन्यावरचा गाळाचा डाग, घरातल्या माणसाने दाखवलेली पायरी. वर्ष, कोणी सांगितले आणि तुमच्या पातळीच्या रेघेपासूनची उंची लिहा. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट धरतात. तो पूल १९२९ चा, म्हणजे तो स्वतःच शतकाच्या जवळ पोचलेले मोजमाप आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा एकाच घरात सापडल्या तर तिन्ही घ्या. रंग मारला की त्या जातात.

कागदपत्रे कुठे शोधायची?

शहरात मिळकत पत्रिका आणि सिटी सर्व्हेचा नकाशा, गावात गावनकाशा, सातबारा आणि जुने फेरफार. जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर आधी वाचा, पण त्यातली मापे पडताळल्याशिवाय उचलू नका. पुण्यात पुरालेखागारातले पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ.

शिलालेखाचा फोटो तिरप्या उजेडात, बाजूने बॅटरी धरून घ्या. पीठ, खडू किंवा पाणी लावू नका. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९ किंवा ६००. वर्ष कुठे सुरू होते त्यावर एकाचा फरक पडतो, म्हणून मूळ आकडा नेहमी सोबत लिहा.

ऐकलेली माहिती ऐकलेली म्हणूनच लिहा. ‘हा भुयारी मार्ग किल्ल्यावर जातो’ हे वाक्य टिपणात चालेल, नकाशात नाही.

धोके कोणते?

आग्या मोहोळ पहिले. गडाच्या कड्यावर, शिखराच्या सावलीत ते उन्हाळ्यात असतेच. अत्तर, धूर, ड्रोनचा आवाज यांनी उठते. दिसले तर त्या बाजूचे काम दुसऱ्या दिवसावर टाकण्यात अर्थ नाही, ते सोडूनच द्या आणि लांबून फोटो घ्या. दुसरा धोका माडीचा. कडीपाटावरची माती जुनी, पाट कुजलेला. खालून कड्यांची टोके भिंतीत कशी आहेत ते बॅटरीने पाहिल्याशिवाय वर जाऊ नये, आणि वर गेल्यावर तुळईच्या रेषेतच चालावे. खंदक, पडकी खोली, विहिरीचे कोनाडे इथे हात घालण्याआधी काठी. एकट्याने काम कधीच नाही. ढगांचा गडगडाट ऐकू आला की गडावरून खाली.

काम संपल्यावर काय द्यायचे आणि कुठे?

मोजवहीची पाने जशीच्या तशी स्कॅन करून, खाडाखोडीसह. स्वच्छ नकाशात शंका आली तर पुढचा माणूस त्या पानावर परत येतो. पानावर तारीख, मोजणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे नाव हवे. रेखाचित्रे पीडीएफ आणि मूळ कॅड फाइल दोन्ही रूपांत, फोटो मूळ रॉ आणि टिफमध्ये. फाइलच्या नावात गाव, वास्तू, खोलीचा क्रमांक, दिशा आणि तारीख यावी. ‘नवीन फायनल २’ असे नाव सहा महिन्यांनी तुम्हालाही उलगडत नाही. तीन प्रती, त्यांतली एक वेगळ्या गावात, कारण सांगलीत तळमजल्यावर ठेवलेल्या दोन्ही हार्ड डिस्क एकाच पुरात जाऊ शकतात.

एक संच घरमालकाला किंवा देवस्थानाला, एक काम देणाऱ्या संस्थेला, आणि त्यांची हरकत नसेल तर एक सार्वजनिक ग्रंथालयाला. घरमालकाच्या संचात आतल्या खोल्यांचे, तिजोरीचे, देवघराचे फोटो ठेवा. बाहेर जाणाऱ्या प्रतीतून ते त्यांना विचारून वगळा. छापील नकाशा दुमडून देऊ नका, गुंडाळून नळीत द्या. दुमडीवर रेघा आधी जातात.